बोळ बंद झाल्यावर: दोन पेशींमधल्या फटीचं एक प्रकरण

सात वर्षांची मुलगी, उंची ११२ सेंटीमीटर. शाळेच्या रांगेत कायम पहिली. रात्री तीन-चारदा उठून घटाघटा पाणी पिते आणि तितक्याच वेळा लघवीला जाते. घरच्यांना याची इतकी सवय झालीय की तक्रार म्हणून कुणी सांगत नाही, खोदून विचारल्यावर निघतं. तीन वर्षांत चार वेळा युरिन इन्फेक्शन. गेल्या महिन्यात हातांना पेटके आले, अंगठा तळहाताकडे वळलेला आणि बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, आणि मग एका पहाटे आकडी.

सोनोग्राफी केली. मूत्रपिंडाच्या आतल्या भागातले पिरॅमिड एरवी बाहेरच्या सालीपेक्षा काळपट दिसतात. इथे चित्र उलटं होतं: जिथे काळपट तुकडे दिसायला हवेत तिथे चकचकीत पांढरे, आणि तेही दोन्हीकडे, गोलाकार मांडल्यासारखे. हा कॅल्शियमचा साका. रक्तात मॅग्नेशियम १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बरंच कमी (१.७ च्या वर हवं). क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, ०.८. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही, पण या उंचीच्या मुलीत त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ५८ च्या आसपास, म्हणजे निम्म्याकडे आलेली. पोटॅशियम मात्र अगदी व्यवस्थित. आईवडील नात्यातले, मामाची मुलगी केलेली.

ही मुलगी कुणी एक नाही, हे आधीच सांगतो. या आजाराच्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा येणारी लक्षणं एकत्र करून मी तिला वर्गात उभी करतो. तिच्या रिपोर्टमधले आकडेही त्याच हिशेबाने बसवलेत. आजार मात्र खरा आहे आणि त्याचं नाव आगगाडीएवढं लांब: फॅमिलिअल हायपोमॅग्नेसिमिया विथ हायपरकॅल्शियुरिया अँड नेफ्रोकॅल्सिनोसिस. म्हणजे घराण्यातून आलेलं, रक्तात मॅग्नेशियम कमी, लघवीत कॅल्शियम जास्त आणि मूत्रपिंडात कॅल्शियमचा साका. नावातच सगळी लक्षणं कोंबलीत, कारण नाव पडलं तेव्हा कारण माहीत नव्हतं.

वर्गात मी हे प्रकरण आईच्या प्रश्नापासून सुरू करतो. "डॉक्टर, पुड्या रोज चालू आहेत. एक दिवस चुकवला नाही. मग ते मॅग्नेशियम जातं कुठं?"

"लघवीतून जातं, ताई."

"म्हणजे किडनी चाळणीसारखी गळतेय?"

पहिल्या बाकावरचे विद्यार्थीही इथे मान डोलावतात. पण उत्तर नेमकं उलटं आहे. या मुलीच्या मूत्रपिंडात एक फट गळायला हवी होती, ती गळत नाही.

आधी हिशेब

मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्याबरोबर दोन-सव्वादोन ग्रॅम मॅग्नेशियम नळ्यांमध्ये उतरतं. त्यातलं शेवटी लघवीत जातं ते जेमतेम १०० मिलिग्रॅम. बाकी सगळं वाटेत परत उचललं जातं. आहारातून रोज येणारं मॅग्नेशियम ३००-४०० मिलिग्रॅम, आणि आतड्यातून त्याचा साधारण तिसरा हिस्साच रक्तात पोचतो. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की आईच्या पुड्यांचं काय होतंय ते दिसतं. नळ्यांनी परत उचलण्यात थोडी जरी कसर केली तरी तोंडाने दिलेलं मॅग्नेशियम पुरं पडत नाही. डोस वाढवावा तर जुलाब लागतात.

आता मुलीचा हिशेब. लघवीत मॅग्नेशियम ५ आणि क्रिएटिनिन ४०, दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लघवीतलं मॅग्नेशियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे ५ गुणिले ०.८, झाले ४. खाली रक्तातलं मॅग्नेशियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, आणि त्याला ०.७ ने गुणायचं, कारण रक्तातलं सुमारे ३० टक्के मॅग्नेशियम प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते गाळलं जात नाही. ०.७ गुणिले १.१ गुणिले ४०, म्हणजे ३०.८. भागाकार आला १३ टक्के, म्हणजे गाळलेल्या मॅग्नेशियमपैकी इतकं लघवीत जातंय. रक्तात मॅग्नेशियम इतकं कमी असताना धडधाकट मूत्रपिंड कंजूष होतं, दोन-तीन टक्क्यांच्या वर सोडत नाही. चारच्या वर गेलं की दोष मूत्रपिंडाचा. तेरा म्हणजे वादच नाही. त्याच नमुन्यात कॅल्शियम २४, म्हणजे क्रिएटिनिनच्या ०.६ पट, आणि या वयात ते ०.२ च्या आत हवं.

दोन धातू एकत्र वाहून चाललेत, पोटॅशियम मात्र जागेवर. निदानाची सगळी मेख या तिसऱ्या, न बिघडलेल्या आकड्यात आहे.

मूत्रपिंडाच्या नळीत मॅग्नेशियम उचलण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे हेन्लेच्या वळशाचा वर चढणारा जाड भाग. गाळलेल्यापैकी ६० ते ७० टक्के मॅग्नेशियम आणि २० ते २५ टक्के कॅल्शियम तिथे परत घेतलं जातं. तिथली मीठ ओढणारी यंत्रणा बिघडली तर बार्टर सिंड्रोम होतो. त्यात कॅल्शियम जातं, पण पोटॅशियमही धडाधड उतरतं. त्यापुढच्या भागात बिघाड असेल तर गिटेलमन. त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी, लघवीतलं कॅल्शियम मात्र उलट घटलेलं. डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसमध्येही मूत्रपिंडात असाच पांढरा साका दिसतो, पण तिथेही पोटॅशियम बहुधा खाली येतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. आपल्या मुलीत यातलं काहीच जुळत नाही. मीठ ओढणारे सगळे पंप शाबूत, आणि तरी त्याच जागी कॅल्शियम-मॅग्नेशियम हातचं सुटतंय.

वाडा आणि बोळ

जुन्या पेठेत एकाला एक लागून वाडे असतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये माणूस जेमतेम तिरका होऊन जाईल असा बोळ असतो. नळीची भिंत तशीच. एका बाजूला नळीतला द्रव, दुसऱ्या बाजूला रक्त, मध्ये पेशींची ओळ. पलीकडे जायचे दोन मार्ग आहेत: वाड्यातून, नाहीतर बोळातून.

वाड्यातून जायचं तर दरवाज्यावर ओळख पटावी लागते. त्या जाड भागातल्या पेशीच्या पुढच्या दाराशी एक वाहक बसलेला असतो. तो एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराईड अशी चौकडी एकदम आत घेतो. सोडियम मागच्या दाराने पंपावाटे रक्तात ढकललं जातं, क्लोराईड मागच्याच वेगळ्या वाटेने जातं. पोटॅशियम मात्र पुढच्याच दाराने नळीत परत येतं. क्लोराईड आत गेलं आणि पोटॅशियम बाहेर आलं, म्हणून नळीची बाजू रक्ताच्या तुलनेत काही मिलिव्होल्टने धन होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांवर दोन-दोन धन प्रभार. धनाला धन ढकलतं. पण या वाड्यात त्यांच्यासाठी दार नाही, म्हणून ते बोळातून निघतात. त्यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही, उतार मिळाला की झालं. फ्युरोसेमाईडसारखं लघवीचं औषध पुढच्या दारावरचा तो वाहक अडवतं, उतार नाहीसा होतो आणि म्हणूनच त्या औषधाने कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही लघवीत वाढतात.

इतकं शरीरक्रियाशास्त्र बरंच आधीपासून माहीत होतं. बोळाच्या तोंडाशी काय आहे, ते मात्र माहीत नव्हतं.

१९६३ मध्ये मॅरिलिन फार्कुहार आणि जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं की शेजारच्या दोन पेशींची पटलं वरच्या टोकाला, बोळाच्या दारातच, एकमेकांना भिडलेली असतात. हेच टाईट जंक्शन. नावातला 'टाईट' शब्द लोकांना पुढे बराच काळ भोवला. गवंड्याने दोन विटांमध्ये सिमेंट भरावं तसं हे बुजवणं, असं चित्र डोक्यात बसलं. वास्तविक मूत्राशयाची भिंत जवळपास काहीच जाऊ देत नाही आणि मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नळीची भिंत भरपूर जाऊ देते, सांधे दोन्हीकडे असूनही. सिमेंट असतं तर हा फरक का पडावा?

१९९३ मध्ये जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत ऑक्लुडिन नावाचं प्रथिन सापडलं आणि वाटलं की सापडलं ते सिमेंट. पाच वर्षांनी त्याच गटाने ऑक्लुडिन पूर्ण काढून टाकलेल्या पेशी तयार केल्या. टाईट जंक्शन जसंच्या तसं तयार झालं. ज्याच्या नावावर घर होतं तो नसतानाही घर उभंच. मग कोंबडीच्या यकृतापासून पुन्हा शोध, आणि १९९८ मध्ये मिकिओ फुरुसे, त्सुकिता आणि सहकाऱ्यांना दोन नवी प्रथिनं मिळाली. नाव ठेवलं क्लॉडिन, लॅटिनमधल्या 'बंद करणे' या क्रियापदावरून. ज्या पेशींमध्ये असा सांधा मुळात नसतोच त्यांच्यात एकटं क्लॉडिन घातलं तरी सांध्याचे धागे उमटले. आज सस्तन प्राण्यांत अशी पंचवीसेक क्लॉडिनं माहीत आहेत.

नावाने पुन्हा दिशाभूल केली, असं माझं मत. या कुटुंबातले काही सदस्य खरंच बंद करतात. क्लॉडिन-१ नसलेली उंदराची पिल्लं २००२ मध्ये तयार केली तेव्हा त्यांच्या कातडीतून पाणी उडून जाऊन ती एका दिवसात मेली. पण बाकीच्या कित्येकांचं काम दार उघडं ठेवणं आहे, फक्त निवडक गिऱ्हाइकांसाठी. क्लॉडिनचं एक वेटोळं पेशीबाहेर, बोळात डोकावतं. समोरच्या पेशीतल्या क्लॉडिनचं वेटोळं त्याला भिडतं आणि मध्ये एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद छिद्र उरतं. त्या छिद्राच्या काठावरची अमिनो आम्लं ऋण असतील तर धन आयन आत ओढले जातात, धन असतील तर ऋण. हे केवळ अनुमान नाही. २००२ मध्ये क्लॉडिन-१५ मधल्या तीन ऋण जागा बदलून धन केल्या, तर सोडियमला पसंती देणारी फट क्लोराईडला पसंती देऊ लागली. तीन अक्षरं बदलली आणि नाक्यावरचा नियम फिरला.

१९९९

आता पुन्हा मुलीकडे. क्लॉडिन सापडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने हा आजार असलेल्या कुटुंबांची जनुकं तपासून दोषाची जागा तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आणली. तिथे जे जनुक निघालं ते कुठल्या पंपाचं नव्हतं, वाहकाचं नव्हतं, नेहमीच्या चॅनेलचंही नव्हतं. त्याचं प्रथिन नुकत्याच सापडलेल्या क्लॉडिनांसारखं होतं आणि सापडत होतं ते हेन्लेच्या त्याच जाड भागात, पेशींच्या मधल्या सांध्यावर. त्यांनी नाव दिलं पॅरासेलिन-१. आज आपण त्याला क्लॉडिन-१६ म्हणतो. माणसाच्या एखाद्या आजाराचं मूळ पेशीत नसून दोन पेशींच्या मधल्या फटीत आहे, हे इतकं स्वच्छ पहिल्यांदाच दिसलं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. क्लॉडिन-१६ नसलं की बोळ मॅग्नेशियमसाठी बंद. नळीतलं मॅग्नेशियम रक्ताच्या बाजूला गळायला हवं होतं, ते नळीतच अडकतं आणि पुढे वाहत जातं. पुढच्या तोकड्या भागाची उचलण्याची कुवत तेवढी नाही. आजकाल 'लीकी गट'च्या, म्हणजे गळक्या आतड्याच्या, गप्पा इतक्या चालतात की फट म्हटलं की आपल्या डोक्यात गळतीच येते आणि घट्ट असणं म्हणजे निरोगी असणं वाटतं. ही मुलगी फट बंद झाल्यामुळे आजारी आहे.

२००६ मध्ये मार्टिन कोनराड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तसाच आजार क्लॉडिन-१९ बिघडल्यानेही होतो, आणि त्या मुलांच्या डोळ्यांतही दोष असतो: नजर थरथरते, चष्म्याचा मायनस नंबर मोठा असतो, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी व्रणासारखा खड्डा असतो. हे प्रथिन डोळ्याच्या पडद्यातही लागतं. म्हणून आपल्या मुलीला जनुकचाचणीआधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. बाहुल्या मोठ्या करून तपासणी करायला अर्धा तास लागतो आणि कुठलं जनुक आधी बघायचं ते पुष्कळदा तिथेच कळतं.

एक छोटं पण सुंदर उपकथानक. काही मुलांमध्ये क्लॉडिन-१६ मध्ये एकच बदल असतो, तोही शेपटाकडच्या टोकाला. छिद्र बनवणारा भाग ठीकठाक. पण ते टोक झेडओ-१ नावाच्या आतल्या प्रथिनात अडकवायचं असतं, खुंटीला पिशवी अडकवावी तसं. अडकलं नाही तर क्लॉडिन सांध्यावर न राहता पेशीच्या कचराकोठारात, लायसोसोममध्ये जातं. या मुलांत लघवीतून कॅल्शियम जातं, पण वयात येताना ते कमी होतं. म्हणजे नाकेदार असून भागत नाही, त्याला नाक्यावर उभं राहता यायला हवं.

सगळ्यांनी जे गृहीत धरलं होतं ते

१९९९ नंतर क्लॉडिन-१६ म्हणजे मॅग्नेशियमचा खास मार्ग, असं सरसकट लिहिलं जाऊ लागलं. डॅनियल गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत जिआंगहुई हौ आणि सहकाऱ्यांनी ते तपासायला घेतलं. डुकराच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत क्लॉडिन-१६ घातलं आणि काय काय पलीकडे जातं ते मोजलं. मॅग्नेशियमची वाट थोडीशीच रुंदावली. भरमसाट वाढलं ते सोडियम. पुढे २००८ मध्ये दिसलं की क्लॉडिन-१९ क्लोराईडला अडवतं आणि ही दोघं एकमेकांना धरून बसली की फट धन आयनांसाठी उघडी आणि ऋणांसाठी बंद होते.

यावरून चित्र असं उभं राहिलं. त्या जाड भागातून मीठ काढून घेतलं जातं पण पाणी जात नाही, म्हणून वर चढता चढता नळीतलं सोडियम ३०-४० मिलिमोलपर्यंत उतरतं. बाहेर ते १४० च्या घरात. साहजिकच थोडं सोडियम बोळातून नळीत परत झिरपतं, क्लोराईडला मात्र त्याच्यामागून येता येत नाही. धन एकटं आत आल्याने नळीची बाजू आणखी धन होते, आणि तोच जोर कॅल्शियम-मॅग्नेशियमला बाहेर ढकलतो. या मताप्रमाणे क्लॉडिन-१६ हा मॅग्नेशियमचा दरवाजा कमी आणि उतार घडवणारा कारागीर जास्त.

मग २०१७ मध्ये जर्मनीतल्या गटाने दाखवलं की त्या नळीत सगळे बोळ सारखे नसतातच. काही सांध्यांवर क्लॉडिन-१०बी, तिथून सोडियम जातं. काहींवर १६ आणि १९, तिथून मॅग्नेशियम-कॅल्शियम. एकाच भिंतीत, शेजारी शेजारी, वेगळे नाके. क्लॉडिन-१० काढलेल्या उंदरांत तर रक्तातलं मॅग्नेशियम वाढतं! मला हे दुसरं चित्र जास्त पटतं, कारण मुलीच्या रिपोर्टशी ते जुळतं: सोडियमची वाट वेगळ्या नाक्यावर असेल तर मिठाची व्यवस्था शाबूत राहून दोन धातूच तेवढे का सुटतात, हे समजतं. विद्यार्थ्यांना मात्र मी दोन्ही सांगतो.

नाक्यावर पहारा आहे, तो बदलतोही. रक्तात कॅल्शियम वाढलं की पेशीवरचा एक संवेदक ते ओळखतो आणि क्लॉडिन-१४ जास्त बनवायला लावतो. हे १४ येऊन १६-१९ च्या जोडीला अडवतं आणि जादा कॅल्शियम लघवीत जातं. २००९ मध्ये आइसलंड आणि नेदरलँड्समधल्या लोकांच्या अभ्यासात याच क्लॉडिन-१४ च्या जनुकातले काही फरक मुतखड्याशी जोडलेले निघाले. नाशिक-नगरच्या उन्हाळ्यात खडा झालेल्या माणसाला पाणी पी असं सांगताना हा नाका कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि येण्याचं कारणही नाही. पण तोही त्याच बोळाच्या तोंडाशी आहे.

पुढे काय

औषधांनी फार काही होत नाही, हे सांगताना आवाज उतरतो. मॅग्नेशियमच्या पुड्या दिवसभरात विभागून, लघवीतलं कॅल्शियम कमी करायला थायझाईड, खडे होऊ नयेत म्हणून सायट्रेट, भरपूर पाणी. पेटके थांबतात, आकड्या थांबतात. मूत्रपिंडाचं खालावणं थांबतं असं दिसलेलं नाही. बहुतेकांची मूत्रपिंडं वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात निकामी होतात.

प्रत्यारोपण मात्र हा दोष मुळापासून घालवतं. नव्या मूत्रपिंडाच्या पेशी दात्याच्या, त्यांचं जनुक दात्याचं, म्हणून त्यांच्या सांध्यांवर क्लॉडिन-१६ उभं असतं. रक्तातलं मॅग्नेशियम पुड्यांशिवाय जागेवर येतं, लघवीतलं कॅल्शियम उतरतं, आणि आजार नव्या मूत्रपिंडात परत येत नाही.

नोंदींचा कल धरला तर आपली मुलगी सोळा-सतराची होईपर्यंत हा विषय निघणारच, आणि आई म्हणणारच, "माझी घ्या." आजार आईवडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणजे आई वाहक आहे. तिच्याकडे चांगली प्रत एकच. वाहक बहुधा ठणठणीत असतात, पण त्यांच्यातल्या काहींच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि कुणाला खडेही होतात. म्हणून रक्तगट जुळण्याच्या आनंदात एक तपासणी विसरायची नाही. आईला पाच लिटरचा पांढरा कॅन द्यायचा, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायला सांगायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात जमा. ती विचारते, "दिवसभर कॅन घेऊन कामाला कशी जाऊ?" रविवारी करा, ताई. सोमवारी सकाळी आठला लॅबमध्ये द्या.